मोकळं टोक

डॉक्टर म्हणाले, आठ दिवस मौन. कुजबुजसुद्धा नको.
कालिन्याला वर्गात गेलो, फळ्यावर लिहिलं:
आज गाठी. मी बोलणार नाही.
मागच्या बाकावर कोणीतरी टाळी वाजवली.

बावीस वर्षं मी हीच गाठ शिकवतो.
तीन पाकळ्यांची, दोन्ही टोकं जोडलेली,
कात्री लावल्याशिवाय न सुटणारी.
व्याख्या, आकृती, सिद्धता, दहा गुण.
वहीची पानं चहाच्या रंगाची झालीत,
विनोदही समासात लिहून ठेवलाय, लाल शाईनं,
आणि दरवर्षी त्या ओळीपाशी
दोघं-तिघं हसतात, उपकार म्हणून.

कुर्ल्याहून सुतळीचं बंडल आणलं होतं.
प्रत्येकाला हातभर. करा, म्हटलं खुणेनं.
बराच वेळ काहीच नाही.
पंखा. उतरणाऱ्या विमानाची घरघर.
एवढी भीती मला तोंडी परीक्षेतही वाटली नव्हती.
बोलणं म्हणजेच शिकवणं असं धरून
अशा किती भेगा मी वाक्यांनी लिंपल्या असतील,
जिथून कदाचित काही उगवलं असतं.

मग इनास घोन्साल्विस, जी फक्त हजेरीला बोलते,
म्हणाली, ही सुटते. बघा.
सुटली.
जुईली पाटवेकरनं तिच्या हातातून ओढून घेतली.
टोकं कुठे जोडलीस? फसवतेयस तू.
फसवत नाहीये गं, व्याख्या कोणी वाचलीय इथे!
आणि व्याख्या, माझ्या देखत पहिल्यांदाच,
कोणीतरी स्वतःहून शोधायला लागलं
हरवलेल्या छत्रीसारखी.

तीन रंगांचे खडू झिजले. भांडण पेटलं.
दोरा दोऱ्यावरून जातो तिथे
एक तर तिन्ही रंग, नाही तर एकच.
चुकलं. पुसलं. पुन्हा तिथेच चुकलं.
उत्तर माझ्या घशापर्यंत आलेलं.
घसा बंद. गिळलं.
वाटलं होतं तितकं कडू नव्हतं.

शरणप्पा बिराजदार फळ्याकडे आलाच नाही,
खिडकीशी गेला. समोरच्या इमारतीला परांची,
बांबू आणि काथ्या, पाच मजले.
रविवारी मामाबरोबर मी हेच बांधतो, म्हणाला,
गुन्हा कबूल केल्यासारखा.
सगळे खिडकीत. एक खुर्ची आडवी.
त्यानं दोन पेनं फुलीसारखी धरली, सुतळी फिरवली.
ओढ. अजून जोर लाव.
हलली नाहीत.

पण सर, पुस्तकातली गाठ आमच्या कामाची नाही.
टोकं जोडून टाकली
तर काम संपल्यावर उतरवायचं कसं?
आम्ही एक टोक मोकळं ठेवतो, वीतभर.
सोडणाऱ्यासाठी.
तो बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी असतो.

जुईलीनं ते लिहून घेतलं, माझं कधी घेतलं नाही तसं.
मग मान वर करून:
मोकळी असून धरून कशी राहते?
तिचं गणित काय?

मी खडू उचलला.
सगळ्यांनी पेनं सरसावली, सवयीनं.
लिहिलं: माहीत नाही.

हे परीक्षेला येणार का, एकानं विचारलं.
मी मान हलवली, नाही.
तो बॅग उचलून निघाला, दारात थांबला,
आणि माझ्या टेबलावरची उरलेली सुतळी घेऊन गेला.

नवव्या दिवशी आवाज परतला.
खाकरलो, पहिलं वाक्य जिभेवर घेऊन आत शिरलो.
ते आधीच सुरू झाले होते.
फळ्याशी इनास, हातात दोरी, केसांत खडू,
कोणीतरी तिला अडवत होतं, कोणीतरी तिच्या बाजूनं.
मी तिसऱ्या बाकावर बसलो.
मागून कोणीतरी म्हणालं,
सर, जरा सरका, दिसत नाहीये.