पान एकशे बारा

पेखळे काका गुरुवारी यायचे,
अशोक स्तंभाजवळच्या माझ्या डीटीपीच्या टेबलाशी.
पिशवीत सात-आठ फुलस्केप,
मनगटावर कंपनीनं निरोपाला दिलेलं घड्याळ,
काच आतल्या बाजूला.

सातपूरला तीस वर्षं नोझल तपासले त्यांनी.
जर्मन शिकले मशीनच्या पुस्तिकांतून:
आधी ‘सावधान’, मग ‘तेल’, मग ‘डावीकडे फिरवा’.
प्रेमाचा एक शब्द येत नव्हता,
म्हणाले एकदा,
दाबाचे मात्र सगळे येत होते.

मेन रोडच्या रद्दीत त्यांना टॉर्नो मास्तर सापडला.
विमान उडायच्या वीस वर्षं आधी
कुठल्याशा ढगाळ गावात
पोरांच्या भूमितीच्या वह्या तपासून झाल्यावर
रात्री मंगळापलीकडं जहाज नेणारा माणूस.
मुखपृष्ठ गेलेलं. अक्षरं बाभळीसारखी, काटेरी.
“गडी हुशार,” काका म्हणायचे,
“पण चौथ्या प्रकरणातली झडप उलटी बसवलीय.
पहिल्या वळणालाच गेलं असतं जहाज.”
तळटीप द्यायची म्हणाले.
दिली.

एकशे बारावं पान मी दिवाळीच्या आधी टाईप केलं:
त्या ग्रहावर सगळं होतं,
कालवे, दिवे, म्हातारपणावरचं औषध,
फक्त हवा उरली नव्हती.

मग माघात काका वार चुकवून आले, सोमवारी.
खिशातून भिंग काढलं.
त्या जुन्या छापात ‘स’ आणि ‘फ’ यांच्यात
केसाएवढ्या एका दांडीचा फरक.
लुफ्ट म्हणजे हवा.
लुस्ट म्हणजे... थांबले...
काहीतरी हवंसं वाटणं.
“मास्तरनं लिहिलं होतं ते हे.
मी सबंध ग्रहाची हवा काढून घेतली गं.
दोनशे पानं माणसं श्वासाशिवाय हिंडतायत, भांडतायत,
आणि मला खटकलं नाही.
मला! दाब तपासणाऱ्याला!”

मी फाईल उघडली.
कर्सर त्या शब्दापाशी लुकलुकत राहिला.
जिन्यात किटली घेऊन बंड्या ओरडला,
“चहा कुणाला हवा?”

“मला,” काका म्हणाले.
आणि हात तसाच वर राहिला त्यांचा.
माझ्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं.

“राहू दे,” म्हणाले. “आपल्यात एकातच भागतंय.”
“तळटीप देऊ?”
काका कपात फुंकर घालत होते.
“झडपेला दिलीय ना. पुरे.”