टाचेतली मिरची

नंदुरबारला वारा फिरला
की पथारीवरची मिरची थेट चर्चमध्ये शिरते.
हंगाम सरत आला तरी ठसका सुटत नाही,
आणि माझी प्रार्थना तेव्हाही लांबच असते.
चाळीस वर्षं माझ्या आमेनची
सगळी मंडळी वाट पाहते.
मी त्याला भक्ती समजत आलो.

आज गुरुवार. प्रभुभोजनाआधी
पाय धुवायचे, म्हणून मी तयारीनं गेलो:
खांद्यावर घडी न मोडलेला टॉवेल,
गुडघ्याला मलम.
किती वाकायचं, मान कुठवर झुकवली
की शेवटच्या बाकालाही दिसेल,
हे सगळं घरी, मोरीत,
बादलीपुढे बसून ठरवलेलं.

पाळकांनी चिठ्ठ्या काढल्या.
मला निघालं: बसायचं.
धुणार दामजी पाडवी.

दामजी. पथारीवर मिरची उलथणारा.
त्याचा बाप्तिस्म्याचा अर्ज
माझ्या टेबलाच्या खणात तीन पावसाळे पडून आहे.
'बाप्तिस्मा'तलं जोडाक्षर चुकलं होतं,
मी लाल शाईनं गोल केला,
खाली शेरा दिला: समज अपुरी.

खुर्चीत मी पाय मागे ओढले.
पेत्रानंही नको म्हटलं होतं, तो अध्याय मला पाठ आहे
वचनांच्या आकड्यांसकट.
पण पेत्राला संकोच प्रभूचा होता,
मला माझ्या टाचांचा.
काळ्या, भेगाळलेल्या.
कुणी पाहू नये म्हणून
मी वैशाखातही मोजे घालतो.

दामजीनं मोजा उतरवला
निजलेल्या पोराचा उतरवावा तसा,
बोटांकडून, हळूहळू ओढत.
जर्मनच्या पातेल्यात पाय घेतला.
हात धुऊन आला होता बिचारा,
पण मिरची धुऊन जात नसते,
ती कातडीतच राहायला येते.
भेगेत उतरली,
आणि मी, शोकसभांत इतरांना धीर देणारा,
भर उपासनेत ओरडलो, "आई गं!"

मागे कुणीतरी हसलं.
दामजी दचकला.
हात पाण्याबाहेर तसेच धरून म्हणाला,
"मास्तर, दुखस का?"

त्याचे हात रोज जळत असतील.
तीन वर्षांत हे दोन शब्द
मला त्याला विचारता आले नव्हते.

मग त्यानं पंजे मिटले,
आणि मनगटांनी, उलट्या हातांनी
माझे पाय धुतले,
वेडेवाकडे, पाणी सांडत,
फरशीवर ओघळ थेट वेदीच्या पायरीपर्यंत.
मी प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं.
ठसका आला. नुसता ठसका.
पाळकांनी आमेन म्हणून टाकलं.

रात्री खण उघडला.
बोट ओलं करून पाहिलं,
लाल शाई निघत नाही, पसरते फक्त.
अर्ज आता आधीपेक्षा वाईट दिसतो
आणि माझं बोट लाल.

उद्या उत्तम शुक्रवार.
उजाडायच्या आत पाळकांकडे जायचंय हा कागद घेऊन.
काय बोलायचं ते
अजून जुळत नाहीये.

टाच चुरचुरते आहे.
मोजे कुठे ठेवले, ते शोधलं नाही.