साडेसहा

साकीनाक्याला, खैरानी रोडच्या आत,
जिथून पुढे रिक्षावालाही हात जोडतो,
तिथे दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, त्यांवर जुन्या गाद्या,
तरी फरशीतून यायचाच
गोगरीशेठच्या प्रेस मशीनचा आवाज :
सहा ठोके नीट,
सातवा अर्ध्यात अडखळून
पुन्हा पहिला.
गिअरचा एक दात पडला होता.

वर्षभर शिव्या घातल्या.
मग एका शनिवारी मेल्विनने बेस खाली ठेवला,
फरशीला कान लावला,
म्हणाला, थांबा रे,
हे साडेसहात आहे.

त्या अडखळण्यावर आम्ही सतरा मिनिटं बांधली.
सात तारांची माझी गिटार इतकी खाली उतरवली
की सूर म्हणावा की हादरा, कळेना.
अब्रारच्या दोन पायांखाली
जणू खडीचा ट्रक रिकामा होतोय.
आणि उज्ज्वला,
जी आठवडाभर तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवते,
तिने पोटातून असा आवाज काढला
की वॉचमन पाण्याची बाटली घेऊन धावत वर आला.
त्या अर्ध्या मात्रेत काय करतेस, विचारलं तर म्हणाली,
श्वास घेते, आणखी काय.

एकला मशीन थांबायचं.
खाली डब्यांची झाकणं उघडायची.
तेवढ्यात मी पेडलवरून पाय काढून
मेल्विनच्या काकांची लाकडी गिटार घ्यायचो,
वसईच्या लग्नांत वाजलेली,
पोटावर चीर, चिरेवर चिकटपट्टी.
तारेवरून बोट सरकल्याचं कुरकुरणंसुद्धा
तेव्हा ऐकू यायचं.
तो तुकडा तसाच ठेवला, मधोमध.

दिवाळीनंतर आलो तर
मशीन सरळ चार-चारात.
गोगरीशेठ पेढे घेऊन वर आले,
नया गिअर डाला, अब आप लोगों को तकलीफ नहीं.
आम्ही पेढे खाल्ले.
कोणी काही बोललं नाही.

मग अब्रारने बोटांवर हिशेब केला :
त्यांचे चार, आपले साडेसहा,
बावन्नाव्या ठोक्यानंतर एकदा
दोघं एकत्र पहिल्यावर येणार.
चला.

वाजवलं. खाली चार, वर साडेसहा,
फरशीला काय वाटलं असेल.
गोगरीशेठ दारातच उभे,
आमच्या प्रत्येक अर्ध्या मात्रेला
त्यांची मान जराशी हलायची,
ओळखीचं कोणी गर्दीत दिसावं तशी.

एकेचाळीस. पंचेचाळीस.
अब्रारचे ओठ मोजतायत.
पन्नास.
एक्कावन्न,
आणि खाली जेवणाची सुट्टी झाली.