पुढे जागा सोड

भांडी बाजारात दुकानदारानं काचेवर
तीन चाकू मांडले, एकेक उघडून.

लाल मुठीचा म्हणे सगळ्यात खपतो.
नऊ अवजारं आहेत त्यात,
कात्री, स्क्रू-ड्रायव्हर,
दात कोरायची काडीसुद्धा.
"मुलीला द्यायचाय ना? मग हाच."
त्यानं वर्तमानपत्राचं पान उभं धरलं
आणि सर्रकन चिरून दाखवलं.

कागद काय, नखानंही फाटतो.

मी पिशवीतून द्राक्षाची काडी काढली,
मोहाडीच्या मळ्यातली, सकाळचीच,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली.
दोन डोळे ठेवायचे, खालून पाचर तासायची
दोन्ही अंगांनी, एकेका ओढीत.
पुन्हा पातं लावलं की सांध्यात वारा राहतो.
वारा राहिलेलं कलम काही दिवस हिरवं दिसतं
आणि मग नसतं.
हे कुणी शिकवलं नाही.
दामू मुकादमानं पहिल्या वर्षी
वाळलेल्या एकवीस कलमांचे पैसे कापले,
तेव्हा कळलं.

लाल मुठीचा मध्येच अडखळला,
काडीची साल लोंबत राहिली.
दुसरा काळा, झटक्यानं उघडणारा.
त्याला काडी लावलीच नाही.
त्याचा आवाज भांडायला निघालेल्या माणसाचा होता.

तिसरा पितळी मुठीचा. बोजड.
उघडायची खाच नखाला सापडत नाही,
मिटताना कुरकुरतो.
पण पाचर निघाली,
ओली, सपाट, एका दमातली.
चारशे ऐंशी म्हणाला, चारशे वीसला दिला.

घरी माझा एक आहे, एकोणीस वर्षांचा.
दगडावर घासून घासून पातं
कडुनिंबाच्या पानाएवढं राहिलंय,
मुठीला कलमाचीच पट्टी गुंडाळलेली.
कितीदा मनात आलं, तोच द्यावा रोशनीला.
पण त्यात तिच्यासाठी काही शिल्लक नाही,
सगळा मीच संपवला.
आणि या नव्यात अजून कुणीच नाही.
आजच हातात दिला तर
वाढदिवसाच्या कंपासपेटीशेजारी जाऊन पडेल.

दुकानदारानं नावं घालायचं मशीन उचललं.
बाजूला कुणाच्या तरी लग्नाची ताटं
नावाची वाट बघत रचलेली.
"काय घालू? चि. रोशनी हिस आईकडून सप्रेम?"

"यमुना घाल," म्हटलं, "बारीक.
आणि पुढे जागा सोड."
"किती?"
तिचं नाव तीन अक्षरांचं.
आडनाव कुठलं लावेल, लावेल की नाही,
मला काय माहीत.
"असेल तेवढी."

यंदाचा हंगाम हा मी वापरणार.
ऑगस्ट ते ऑक्टोबर, दिवसाला अडीचशे कलमं.
अंगठ्यापाशी पितळ काळवंडेल,
कुरकुर जाईल, किंवा
मला तिची सवय होईल.
मग एका संध्याकाळी तो जमिनीवर ठेवीन.
धारेची वस्तू हातात देऊ नये,
आमच्या पेठकडे म्हणतात, दोघांत वैर येतं.
आपण खाली ठेवायची,
ज्याला हवी त्यानं उचलायची.
ती म्हणते, मी कलमं बांधणार नाही.
नको बांधू.
पेरू काप, पेन्सिलला टोक कर,
नाहीतर नुसता दप्तराच्या तळाशी असू दे.
उचललास की झालं.

निमाणीला बस यायची होती.
पिशवीत अजून एक काडी होती,
हात स्वस्थ बसेना.
दुसऱ्या ओढीला अंगठा कापला,
कितीतरी वर्षांनी.
हा चाकू अजून मला ओळखत नाही.

अंगठा तोंडात धरून बसमध्ये चढले,
कंडक्टरला डाव्या हातानं पैसे दिले.