ह्यो पिवळा

बाबालाल मुलाणींची बोटं
फोनला ओळखूच येत नाहीत.
सांगलीच्या यार्डात चाळीस वर्षं हळद तोलून
ठसे झिजलेत. ते पडदा दाबतात,
काही हलत नाही,
मग माझ्याकडे असं बघतात
जणू काटा मी मारलाय.

करंगळी लावा, म्हटलं.
करंगळी चालली.

सकाळी आठला फोन बोलतो, माझ्याच आवाजात:
'काका, नाष्टा झाला? आता छोटी पिवळी गोळी.'
खाली गोळीचा फोटो.
घेतली की हिरव्या खुणेवर बोट.
पहिला आठवडाभर ते फोनलाच सांगायचे,
'थांब पोरी, च्या व्हायचाय अजून.'
खूण राहून जायची,
इकडे माझ्या यादीत लाल रेघ.

मंगळवारी सौदे सोडून आले.
अंगाला राजापुरीचा वास,
एका हातात नवी पट्टी,
टेबलावर फोन,
फोटो दोन्ही करंगळ्यांनी मोठा केलेला.
'मॅडम, ह्यो पिवळा त्यो न्हवं.'

मला दोन्ही सारखेच दिसले.
चष्मा लावून पट्टीमागचं बारीक अक्षर वाचलं:
अडीचच्या जागी पाच.

'दुकानदार म्हणला, तीच हाय.
तुमचा आवाज बी तेच म्हणतोय.'
खुर्चीत टेकले.
'सेलम आन् राजापुरीत
एवढाच फरक असतोय बघा.'

पट्टी बदलून आणली तेव्हा
नवा फोटो त्यांनीच काढला,
खिडकीपाशी.
'ट्यूबखाली माल बघू नये.'

बाकीच्या पेशंटच्या गोळ्याही आता
मी खिडकीत नेते.