मधला भाग

कॅनडा कॉर्नरच्या दवाखान्यात सकाळी साडेसातला
गिळली मी ती गोळी.
ब जीवनसत्त्वाच्या गोळीहून जरा लठ्ठ,
आणि गिळायच्या आधीपासूनच लुकलुकणारी.
"चावू नका हं, काकू," तन्वेश म्हणाला.
कमरेला पट्टा, पट्ट्याला डबा.
"या हिंडून. साडेतीनला परत."

वरून बघून झालं होतं, खालून बघून झालं होतं.
रक्त सातावर. जातंय कुठे?
डॉक्टर बच्छाव म्हणाले, राहिला तो मधला भाग.
वीस फूट. तिथं नळी पोचत नाही.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये बत्तीस वर्षं
मी ताव तपासले.
उलटायचा, नजर फिरवायची,
फुटलेली शाई, सरकलेला आकडा,
लाल पेन्सिलीची खूण, बाद.
रात्री मिटल्या डोळ्यांतही उलटत राहायचे.
आणि सुटताना गेटवर झडती:
डबा उघडा, पदर झटका,
बाहेर काही जात नाही ना.
जात नव्हतं.
सगळं पोटातच ठेवलं.
साहेबाचं टाकून बोलणं,
ह्यांचं सोळा महिने न बोलणं,
धाकट्या जावेचा दिवाळीतला तो एक शब्द
पोटात घातला,
पचला असं धरून चालले.

अहिल्याबाई पुलावर जरा टेकले.
खाली पाणी हिरवं, थांबलेलं.
शेजारी एक बाई चपलेचा अंगठा शिवून घेत होती.
तिला काय ठाऊक, माझ्या आत
सेकंदाला दोनदा उजेड पडतोय.
रविवार कारंजावर पोह्यांचा घाणा निघाला
आणि पोट असं गुरगुरलं
की मी डब्यावर हात ठेवला,
जणू त्याला ऐकू जाईल.

साडेतीनला पट्टा सुटला.
"गोळी परत आणून द्यायची?"
"नको काकू, ती जाईल आपली आपण."
मी दोनदा विचारलं.
हिशेबात एक कमी
आणि कुणी गेट बंद करत नाही,
हे पटायला वेळ लागला.

"फोटो किती?"
"पन्नास हजारांच्या वर."
"बघतं कोण?"
"आमच्या मॅडम. एकेक."

तरुण असेल.
तिला सांग, डोळे चोळू नकोस.
दर शंभराला खिडकीबाहेर बघ,
एखादं झाड असलं तर बरं.
आणि डाग मधोमध नसतो बाई,
कडेला असतो,
बारीक,
आपण पुढचा ताव घ्यायला हात उचललेला असतो
तेव्हा.