तिसरा चौकोन

फॉर्मवर दोनच चौकोन छापलेत: हो, नाही.
तिसरा मी बॉलपेनने काढते, पट्टीशिवाय,
गेली सहा वर्षं.
आठवत नाही.
म्हापशाच्या या खोलीत सगळ्यात जास्त खुणा त्यातच पडतात.

बुधवारी, एक वाजायला पाच कमी,
सगुण च्यारी आला. कानावर सुतारी पेन्सिल.
बापजाद्यांनी देवळांचे दरवाजे केले,
हा वागातोरला पार्ट्यांचे मंच उभारतो.
सांध्यात केस शिरणार नाही असं काम, म्हणाला,
आणि हात मांडीखाली दाबून बसला,
थरथर अजून गेली नव्हती.

शनिवारी रात्री मंच उभा राहिला, मग तोही.
कुणीतरी एमडी दिली. मग आणखी.
"बाय, भूक गेली. झोप गेली.
लाज गेली, ती तर मी शाळेपासून अंगावर घेऊन फिरत होतो."
हे सांगताना जरासा हसला.
मी लिहायचं थांबले. फॉर्मवर यासाठी जागा नाही,
की एका माणसाला पहिल्यांदाच
स्वतःचे खांदे जड वाटले नाहीत.

मोबाईलने मोजली एकेचाळीस हजार पावलं.
बाकी काही कुणी मोजलं नाही.
शिवोलीची एक खोली, निळी मच्छरदाणी,
दोघं होती की तिघं,
एकीला खोकला होता, एकाने त्याला नावाने हाक मारली
आणि ते नाव त्याचं नव्हतं.
खिशात निरोध होता. आम्हीच जत्रेत वाटलेला असेल.
सोमवारी पँट धुताना आईला सापडला, न फोडलेला.

"किती वाजता?"
पावाचा भोंगा वाजायच्या आधी. चार असतील.
मी टेबलाखाली बोटं मोजली, त्याला दिसू नये म्हणून.
रविवारचे चार ते बुधवारचे चार: बहात्तर तास.
तेवढ्यात गोळ्या सुरू केल्या तर
विषाणूला दाराशीच अडवता येतं बहुतेक वेळा.
आता नऊ तास वर झाले होते.

कुठे होतास रे नऊ तास, म्हणणार होते.
पण रविवार सोमवार तो मेल्यासारखा झोपला होता,
मंगळवारी पंख्याकडे बघत पडून राहिला,
आता कशाला, असं म्हणत.
जी पावडर त्या खोलीत घेऊन गेली
तिनेच नंतर बाहेरून कडी घातली.

बोटाला सुई. वीस मिनिटं. एक रेघ.
"म्हणजे नाही ना?"
म्हणजे दीड महिन्यापूर्वी नव्हता.
शनिवारचं अजून कुणालाच माहीत नाही, रक्तालाही.
"या शनिवारी हणजुण्याला मंच आहे," तो म्हणाला,
"ॲडव्हान्स घेतलाय."
माझ्याकडे यावर छापील पत्रक आहे, चार रंगांत.
ते मी काढलं नाही. म्हटलं,
घ्यायचीच झाली तर त्याआधी निरोध कानावर ठेव,
हात आपोआप जातो ना तुझा तिथे.
या वेळी खरंच हसला.

सही त्याने स्वतःच्या पेन्सिलीने केली.
पेन्सिल चालत नाही हे मी सांगितलं नाही.

डबा उघडायच्या आधी फॉर्म पुन्हा पाहिला.
माझा तिसरा चौकोन नेहमीसारखा वाकडा,
आणि त्याच्यावरून, कधी केलं कोण जाणे,
चारही कोपरे काटकोनात आणलेले,
बारीक, करड्या रेघेने.
आत खूण नव्हती.